ऑनलाइन संदर्भसूचीत नवा विषय दाखल झाल्यावर तो कसा वापरावा

‘ऑक्सफर्ड बिब्लिओग्राफीज’ ही ऑनलाइन संदर्भसूची ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने २०१० मध्ये सुरू केली आणि सुरुवातीच्या मोजक्या विषयांत पुढे एकेका विद्याशाखेची भर पडत गेली. नगर-अभ्यास हा अशाच नंतर आलेल्या विषयांपैकी एक. प्रत्येक विषयात स्वतंत्र लेख असतात. लेख म्हणजे एखाद्या उपविषयावरील निवडक ग्रंथांची आणि शोधनिबंधांची, तज्ज्ञाने केलेली आणि प्रत्येक नोंदीला छोटी टीप जोडलेली यादी.

नवा विषय दिसला की शोधपेटीत लगेच आपला शब्द टाकण्याचा मोह होतो. त्याआधी विषयाचे मुख्य पान उघडून लेखांची वर्णानुक्रमे दिलेली यादी शेवटपर्यंत वाचावी, कारण नव्या विषयात सुरुवातीला थोडेच लेख असतात आणि बाकीचे टप्प्याटप्प्याने येतात. आगामी लेखांची यादी दिलेली असल्यास तीही पाहावी. आपल्या उपविषयावर लेख नसेल, तर तो अजून लिहून झालेला नाही किंवा संपादकांच्या आखणीत आलेला नाही, एवढाच अर्थ घ्यावा. त्यावरून ‘या विषयावर संशोधन झालेले नाही’ असे विधान प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणात करणे सर्वस्वी चुकीचे ठरेल. अशा वेळी जवळचे दोन-तीन लेख निवडावेत: मुंबईतील, १९२० च्या दशकात बांधलेल्या बीडीडी चाळींवर काम करणाऱ्याने कामगारांची घरे, वसाहतकालीन शहर आणि नगररचना या दिशांनी शोध घ्यावा.

लेख उघडल्यावर प्रस्तावना आधी वाचावी. ती बहुधा वर्गणीशिवायही वाचता येते. मग तारखा पाहाव्यात. लेखात शेवटचा बदल केव्हा झाला आणि त्याचे शेवटचे पुनरावलोकन केव्हा झाले, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नवे ग्रंथ किती अलीकडचे असतील याचा अंदाज बदलाच्या तारखेवरूनच येतो आणि त्यानंतरचे लेखन नियतकालिकांत स्वतः शोधावे लागते. टीप हा केवळ वाचनाचा क्रम ठरवण्याचा आधार आहे. तिच्यातले मत मूळ ग्रंथ न वाचता आपल्या प्रबंधात उतरवू नये. लेखाचाच संदर्भ द्यायचा असेल, तर १०.१०९३ ने सुरू होणारा त्याचा डीओआय क्रमांक (ऑनलाइन लेखाची कायमची ओळख ठरणारा क्रमांक) नोंदवावा.

संपूर्ण लेखासाठी ग्रंथपालांना भेटावे. ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ ही केंद्र सरकारची सामायिक वर्गणीची योजना १ जानेवारी २०२५ पासून सुरू झाली असली, तरी ती संशोधन-नियतकालिकांसाठी आहे. त्यामुळे महाविद्यालयाला नियतकालिके मिळतात म्हणून ही सूचीही मिळेल असे गृहीत धरू नये.

मराठी संशोधकाने याहून अधिक लक्ष द्यावे अशी गोष्ट म्हणजे भाषा. या सूचीचा मुख्य भर इंग्रजी लेखनावर आहे, तेव्हा मराठी साधनांचा शोध समांतर चालवावा लागतो. शं. ग. दाते यांच्या ‘मराठी ग्रंथसूची’च्या पहिल्या भागात १८०० ते १९३७ आणि दुसऱ्या भागात १९३८ ते १९५० या काळातील ग्रंथांची नोंद आहे. एका माणसाने उभे केलेले हे काम आजही अपरिहार्य आहे, आणि चाळींसारख्या विषयाला त्यातले विषयवार वर्गीकरण थेट उपयोगी पडते. १९५० नंतरच्या ग्रंथांसाठी मोठ्या ग्रंथालयांच्या तालिका पाहाव्यात, तर विद्यापीठीय प्रबंधांसाठी ‘शोधगंगा’ पाहावी आणि तेथे देवनागरी व रोमन अशा दोन्ही लिप्यांत शब्द टाकावेत, कारण मराठी प्रबंधांची शीर्षके दोन्ही प्रकारे नोंदलेली आढळतात.

दोन्हीकडून मिळालेल्या नोंदी एकाच यादीत ठेवाव्यात आणि प्रत्येकीपुढे ती कोठे, कोणत्या तारखेला सापडली हे लिहावे. विषयात नवे लेख येत राहतात, म्हणून प्रबंध सादर करण्यापूर्वी लेखांची यादी पुन्हा एकदा पहिल्या लेखापासून तपासावी.