किनाऱ्याच्या कामात नव्याने येताय? आधी मोजणीचा महिना विचारा

भरती-ओहोटी, उधाण-भांग (मोठी आणि लहान भरती), सीआरझेड (किनारा नियमन क्षेत्राचे नियम) हे सगळं तुम्हाला ठाऊक आहे असं धरतो. प्रवाहांचं संगणकी मॉडेल चालवणंही जमेल, घाबरू नका. माणूस अडकतो तो दुसरीकडेच. मीही तिथेच बराच काळ अडकलो होतो.

कोकणात करंटमीटर, म्हणजे प्रवाह मोजणारं यंत्र, पाण्यात उतरतो तो बहुतेक वेळा ऑक्टोबर ते मे या काळात. पावसाळ्यात होडी काढायला कोण तयार होणार? मग या कोरड्या महिन्यांतल्या प्रवाहांवर मॉडेल जुळवलं जातं, आलेख अगदी चपखल बसतो आणि त्यावरच बंधारा ठरतो. वाळू मात्र मुख्यतः जून ते सप्टेंबरात हलते. रूढ सूत्राप्रमाणे फुटणाऱ्या लाटेची उंची दुप्पट झाली की किनाऱ्यालगतची वाळूवाहतूक साडेपाच पटींहून जास्त होते. शिवाय मीटर असतो 8-10 मीटर खोलीवर. तिथे त्याला भरती-ओहोटीचा प्रवाह सापडतो. वाळू वाहून नेणारा प्रवाह तयार होतो तो तिरक्या लाटा जिथे फुटतात त्या पट्ट्यात, आणि मीटर तिथे नसतोच. म्हणजे मोजणी बिनचूक असते, पण ती भलत्या जागेची आणि भलत्या ऋतूची. हा परिच्छेद पुन्हा एकदा वाचा.

या प्रवाहाची दिशा आणि ढोबळ वेग ओळखण्यापुरता सोपा उपाय आहे. काठावरूनच, लाटा फुटतात त्या पट्ट्यात असोला (न सोललेला) नारळ फेका. तो बराचसा बुडून तरंगतो, त्यामुळे वारा त्याला फारसा ढकलत नाही. किनाऱ्यावर एकमेकींपासून 50 मीटरवर दोन काठ्या रोवा आणि नारळाला तेवढं अंतर जायला किती वेळ लागतो ते मोजा. पावसाळ्यात स्वतः पाण्यात उतरायचं नाही, अजिबात नाही.

रंगीत नकाशे दाखवणाऱ्या साहेबापेक्षा मालवणचा रापणकार (किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढणारा मच्छीमार) चांगला गुरू, असं माझं ठाम मत आहे. कुठल्या महिन्यात जाळं कुठे ओढलं जातं, हे तो न अडखळता सांगतो.

वाळूचा ओघ अडला की काय होतं ते पुदुच्चेरीत पाहा. तिथे वर्षभराचा हिशेब केला तर वाळूचा निव्वळ ओघ उत्तरेकडे. 1989 च्या सुमारास बंदराच्या भिंतींनी तो अडवला. दक्षिणेला वाळू साठली, उत्तरेचा किनारा खचत गेला, आणि दगडी बांध एकेक गाव पुढे सरकत राहिला. मालवणजवळच्या देवबागला तर एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली खाडी. तिथे लाटा आणि खाडीचा ओघ वेगवेगळे तपासून भागत नाही.

गणित कच्चं असेल तर ते वर्षभरात सुधारतं. पण पावसाळ्यातली एकही नोंद नसलेल्या अहवालावर सही करू नका, वरिष्ठ कितीही घाई करोत.