घरच्या नॅसला बाहेरची हार्ड डिस्क कशी जोडावी

घरातल्या सर्वांचे फोटो, कागदपत्रे आणि व्हिडिओ एकाच जागी राहावेत म्हणून ज्यांनी राउटरला जोडलेला नॅस, म्हणजे घरातल्या नेटवर्कवरून सर्वांना वापरता येणारी डिस्कची पेटी, घेतला आहे, त्यांच्यापैकी अनेकांची अशी समजूत असते की आतल्या दोन डिस्कवर तीच माहिती उतरत असल्यामुळे आता कशाचीच भीती उरलेली नाही. एक डिस्क बिघडली तर दुसरी काम चालू ठेवते, हे खरे आहे. परंतु चुकून पुसलेली फाइल दोन्ही डिस्कवरून एकाच वेळी जाते, आणि एखाद्या संगणकात शिरलेल्या रॅन्समवेअरने (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या घातक प्रोग्रॅमने) निकामी केलेली फाइलही दोन्हींवर तशीच उतरते. त्यामुळे बाहेरची डिस्क जोडायची ती जागा वाढवण्यासाठी नव्हे, तर स्वतंत्र प्रत ठेवण्यासाठी. शिवाय यूएसबीने जोडलेली डिस्क नॅसच्या आतल्या रेडमध्ये (अनेक डिस्क एकत्र चालवण्याच्या मांडणीत) सामील करता येत नाही, म्हणून महत्त्वाची माहिती फक्त तिच्यावर ठेवणे सर्वथा टाळावे.

पुढील कृती सिनॉलॉजी कंपनीचा नॅस आणि त्यावरील डीएसएम ७ ही प्रणाली गृहीत धरून दिली आहे. इतर कंपन्यांच्या उपकरणांत मेनूंची नावे वेगळी असली तरी कामाचा क्रम साधारण हाच राहतो.

नॅसवर २ टीबी माहिती असेल तर ४ टीबीची डिस्क घ्यावी, कारण बॅकअपच्या जुन्या आवृत्त्यांनाही जागा लागते. अडीच इंची डिस्क यूएसबी केबलमधूनच वीज घेते. साडेतीन इंची डिस्कला स्वतःचा अडॅप्टर असतो आणि तो नॅसप्रमाणेच यूपीएसवर लावावा, नाहीतर वीज गेल्यावर नॅस चालू आणि डिस्क मात्र लेखन चालू असतानाच बंद, अशी स्थिती होते. डिस्क यूएसबी ३ च्या पोर्टलाच जोडावी. तेथे सेकंदाला सुमारे १०० एमबी वेग मिळाला तर १ टीबी माहिती तीन तासांच्या आत उतरते. यूएसबी २ वर त्याच कामाला आठ-नऊ तास लागतात. हजारो लहान फाइली असतील तर दोन्हीकडे वेळ वाढतो.

डिस्क जोडल्यावर संगणकाच्या ब्राउझरमधून डीएसएम उघडून प्रशासकाच्या खात्याने प्रवेश करावा आणि कंट्रोल पॅनलमधील एक्स्टर्नल डिव्हाइसेस हा विभाग पाहावा. तेथे डिस्कचे नाव व क्षमता दिसली की ती ओळखली गेली असे समजावे. डिस्क नवी असेल तर ती येथेच फॉरमॅट करून ईएक्सटी४ ही फाइल प्रणाली (डिस्कवर फाइली मांडण्याची पद्धत) निवडावी. फॅट३२ निवडू नये, कारण तीत ४ जीबी किंवा त्याहून मोठी फाइल मावत नाही. फॉरमॅट करताना डिस्कवरील सर्व माहिती पुसली जाते, म्हणून ती आधी वापरलेली असेल तर आतले फोल्डर उघडून खात्री करून घ्यावी. ईएक्सटी४ डिस्क विंडोजच्या लॅपटॉपला थेट जोडली तर वाचता येत नाही, पण ज्या डिस्कचे काम केवळ बॅकअपचे आहे तिच्या बाबतीत ही अडचण मी गौण मानतो.

आता डिस्क यूएसबीशेअर१ अशा नावाचा शेअर्ड फोल्डर म्हणून दिसू लागते. कंट्रोल पॅनलच्या शेअर्ड फोल्डर विभागात जाऊन या फोल्डरची लेखनाची परवानगी घरातील रोजच्या वापराच्या खात्यांना देऊ नये. मुलांच्या लॅपटॉपवरून या फोल्डरमध्ये लिहिता येत असेल, तर त्या लॅपटॉपमधील रॅन्समवेअरलाही तेथे लिहिता येते.

यानंतर पॅकेज सेंटरमधून हायपर बॅकअप हे मोफत पॅकेज बसवावे, त्यात नवे काम तयार करावे, ठिकाण म्हणून लोकल फोल्डर व यूएसबी हा पर्याय घ्यावा आणि कोणते फोल्डर जतन करायचे ते ठरवावे. येथे एक निवड विचारपूर्वक करावी लागते. एकच आवृत्ती ठेवली तर फाइली मूळ स्वरूपात राहतात आणि थेट उघडता येतात. अनेक आवृत्त्या ठेवल्या तर गेल्या महिन्यातली फाइलही परत मिळवता येते, आणि बिघाड उशिरा लक्षात येणे हेच अधिक वेळा घडत असल्यामुळे मी दुसरा पर्याय सुचवीन. डिस्क घराबाहेर ठेवायची असेल तर कूटबद्धीकरण (एन्क्रिप्शन, म्हणजे किल्लीशिवाय माहिती वाचता न येणे) चालू करावे. ते काम तयार करतानाच चालू करावे लागते. त्याचा पासवर्ड आणि सोबत मिळणारी किल्लीची फाइल मात्र नॅसवर न ठेवता दुसरीकडे जपून ठेवावी, कारण दोन्ही हरवल्यास माहिती कोणालाही परत मिळवता येणार नाही.

वेळापत्रक रात्रीचे ठेवावे. बॅकअप यशस्वी झाल्यावर डिस्क आपोआप विलग करण्याचा पर्यायही याच कामात आहे, आणि डिस्क आठवड्यातून एकदाच जोडणार असाल तर तो निवडावा. हाताने काढायची झाल्यास आधी एक्स्टर्नल डिव्हाइसेसमध्ये इजेक्ट करावे आणि मगच केबल ओढावी. काढलेली डिस्क नॅसशेजारीच न ठेवता दुसऱ्या खोलीतील कपाटात किंवा नातेवाइकांकडे ठेवावी, म्हणजे विजेचा झटका, आग, पावसाचे पाणी किंवा चोरी यांत दोन्ही एकदम जाणार नाहीत.

पहिला बॅकअप पूर्ण झाल्यावर हायपर बॅकअपमधूनच एखादा जुना फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये परत आणून तो उघडतो का, हे त्याच दिवशी पाहावे, आणि ही तपासणी दर दोन-तीन महिन्यांनी वेगळी फाइल निवडून करावी.