पुढचं शीड बदललं, बोट ताब्यात आली

बोटीसोबत १५० टक्क्यांचा जेनोआ, म्हणजे डोलकाठीच्या मागेपर्यंत येणारं मोठं पुढचं शीड, आला होता. वारा १५ नॉटच्या पुढे गेला की बोट इतकी कलायची की सुकाणू दोन्ही हातांनी ओढून धरावं लागे. शीड अर्धं गुंडाळलं तर त्याला पोट सुटायचं, बोट वाऱ्याकडे चढायचीच नाही.

मग शिडाची टक्केवारी काढायला मापं घेतली. डोलकाठीच्या पुढच्या बाजूपासून फॉरस्टेच्या (डोलकाठीला पुढून ताणून धरणाऱ्या तारेच्या) बुंध्यापर्यंतचं आडवं अंतर, आणि शिडाच्या मागच्या कोपऱ्यातून पुढच्या कडेवर टाकलेला लंब. लंबाला त्या अंतरानं भागलं की टक्केवारी मिळते. ११० टक्क्यांचा जिब, म्हणजे लहान पुढचं शीड, शिवून घेतला, शीटची (शीड ओढायच्या दोरीची) कप्पी पुढे सरकवली. आता त्याच वाऱ्यात सुकाणू एका हातात सहज राहतं. मंद वाऱ्यात वेग थोडा कमी पडतो, ते मला चालतं.