'गेट'चा अर्थ पुढच्या शब्दाला विचारा

'गेट' म्हणजे मिळणे, एवढं पाठ करून इंग्रजी शिकणारे 'इट्स गेटिंग डार्क'पाशी हमखास अडतात. अंधार कोणाला मिळाला? मग शब्दकोशातली अर्थांची लांबलचक रांग वहीत उतरते. अशा भरलेल्या वह्या मी पुष्कळ पाहिल्यात. बोलायची वेळ आली की त्यातलं काही आठवत नाही.

त्यापेक्षा 'गेट'च्या पुढे काय आलंय ते बघा. नाम असेल तर मिळणे किंवा आणणे: 'आय गॉट द जॉब'. विशेषण असेल तर होणे: 'गेट अँग्री', 'गेट टायर्ड'. ठिकाण असेल तर पोहोचणे: 'व्हेन डिड यू गेट होम?' खरी गंमत पुढे आहे. 'गेट द फोन रिपेअर्ड' म्हणजे फोन दुरुस्त करून घेणे. 'गेट हिम टू साइन' म्हणजे त्याला सही करायला लावणे. आपलं 'लागणे' याच जातीचं. भूक लागते, वेळ लागतो, नोकरी लागते, मूल रडायला लागतं. त्याची यादी कोणी घोकली होती?

कर्मणी प्रयोगात जरा जपून. 'ही गॉट कॉट' (तो पकडला गेला) फर्मास वाटतं, कारण बोलण्यात असं 'गेट' बरेचदा अंगावर आलेल्या गोष्टीला जोडलं जातं. 'घर 1920 मध्ये बांधलं गेलं' यासाठी मात्र 'वॉज बिल्ट'च हवं.

शब्द मूळचा जुन्या नॉर्स भाषेतला, 'गेटा'. नवव्या शतकापासून इंग्लंडच्या उत्तर आणि पूर्व भागात स्कँडिनेव्हियन लोक वसले, त्यांच्या बोलीतून तो इंग्रजीत आला. जुन्या इंग्रजीत त्याचं भावंड होतं, पण जोडशब्दांतच, 'फरगेट' त्यातलाच. त्यातला 'ग' तेव्हा 'य'सारखा उच्चारत. आजचा खणखणीत 'ग' ही नॉर्सची देणगी.

'गेट'चं तिसरं रूप म्हणून 'गॉटन' चूक आहे का, हे सगळेच विचारतात. अमेरिकेत ते बरोबर आहे, आणि उपयोगीही: 'आय हॅव गॉट अ कार' म्हणजे गाडी आहे, 'आय हॅव गॉटन अ कार' म्हणजे घेतली. ब्रिटनमध्ये दोन्हीकडे सहसा 'गॉट'. तरी 'फरगॉटन' तेही म्हणतात. परीक्षेत एकच पद्धत शेवटपर्यंत धरा.

औपचारिक पत्रात 'रिसीव्ह' आणि 'बिकम' शोभतात. पण सर्दी झाली की 'आय गॉट अ कोल्ड'च म्हणा. 'रिसीव्ह्ड' म्हणालात तर ती टपालाने आल्यासारखी वाटेल.