आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी : हलणारं यंत्र आणि तडकलेला सांगाडा दुरुस्त करताना या चुका टाळा

नाशिकजवळच्या अंबडच्या एका कारखान्यात धूळ ओढणारा ब्लोअर होता. मोटर १४८० आरपीएमची, म्हणजे मिनिटाला १४८० फेऱ्यांची. चार महिन्यांत तिचं मागचं बेअरिंग तीनदा बदललं गेलं. कंपन वाढलं की कुणीतरी लांब दांड्याचा पाना आणायचं आणि फौंडेशनचे बोल्ट आणखी आवळायचं. दोनदा तर मीच आवळले. तिसऱ्यांदा मात्र मोटर बंद करून, सप्लायला कुलूप घालून, एकेका पायाचा बोल्ट सैल केला आणि त्या पायावर डायल गेज (बारीक हालचाल मोजणारं काट्याचं उपकरण) लावला. तीन पायांना काटा जेमतेम हलला. चौथा बोल्ट सुटताच पाय आपणहून वर उचलला गेला आणि काटा तीस घरं सरकला. एक घर ०.०१ मिमीचं, म्हणजे पाय ०.३ मिमी अधांतरी होता. ०.०५ मिमीच्या वर गेलं तरी आम्ही दुरुस्तीला घेतो.

याला सॉफ्ट फूट म्हणतात. डुगडुगणाऱ्या स्टुलाला आपण जोर लावून जमिनीला टेकवलं, तर स्टूलच पिळवटतं. मोटरचंही तसंच. बोल्ट जितका आवळाल तितकी तिची बॉडी वाकते, रोटर (फिरणारा भाग) आणि स्टेटर (स्थिर भाग) यांच्यामधली फट एका बाजूला कमी होते, बेअरिंग तिरपं बसतं. म्हणजे ज्याला आम्ही उपाय समजत होतो, तेच दुखणं वाढवत होतं. त्या पायाखाली सात पातळ शिम (उंची भरायला घालतात त्या धातूच्या पट्ट्या) निघाले, मध्ये गंज आणि जुना रंग. अशी चळत स्प्रिंगसारखी दबते. तीन-चारपेक्षा जास्त शिम कधी घालू नका. एक जाड आणि वर एक-दोन पातळ पुरतात. बेस घासून साफ केला, योग्य जाडीचा शिम घातला आणि कपलिंगचं अलाइनमेंट, म्हणजे मोटर आणि ब्लोअरचे शाफ्ट एका रेषेत आणायचं काम, पुन्हा घेतलं. पुन्हा घ्यावंच लागतं, कारण पाय हलला की शाफ्टही हलतो.

दुखणं मोटरच्या विजेच्या बाजूचं आहे की फिरत्या भागांचं, हे ओळखायची एक सोपी खूण आहे. कंपन मोजणारं मीटर लावून ठेवा आणि सप्लाय तोडा. आकडा त्याच क्षणी कोसळला, तर कारण विजेच्या बाजूला. वेग उतरेल तसा हळूहळू उतरला, तर असंतुलन, अलाइनमेंट, सैलपणा अशी यांत्रिक कारणं शोधा. दोन मिनिटांचं काम आहे, आणि बेअरिंग उघडण्याआधी ते प्रत्येकाने करावं असं मला मनापासून वाटतं.

टॉर्क पाना खरं बोलतो, पण अर्धंच

बोल्टचं काम दोन भाग दाबून धरण्याचं. त्यासाठी तो ताणला गेला पाहिजे. पाना मात्र दाखवतो फक्त फिरवण्याचा जोर, आणि त्यातला साधारण निम्मा बोल्टच्या डोक्याखालच्या घर्षणात जातो, ४० टक्क्यांच्या आसपास आट्यांमध्ये. प्रत्यक्ष ताणायला उरतो जेमतेम दहावा भाग.

एम १२ चा ८.८ ग्रेडचा बोल्ट घ्या. तो कायमचा न लांबता सुमारे ४९ किलोन्यूटन ताण सहन करतो. कोरड्या आट्यांना ८८ न्यूटन-मीटर टॉर्क दिला की त्यात साधारण ३७ किलोन्यूटन ताण येतो, म्हणजे मर्यादेच्या पाऊणपट. सगळं ठीक. आता नव्या पोराने ‘बोल्ट नीट फिरावा’ म्हणून आट्यांना तेल लावलं आणि तक्त्यात पाहून तेच ८८ दिले. घर्षण घटलं, ताण गेला ४९ च्या घरात, थेट मर्यादेवर. पाना तोच, आकडा तोच, तरी बोल्ट ताणला जाऊन पुढे सैल पडणार. म्हणून तक्ता कोरड्या आट्यांचा आहे की तेल लावलेल्या, हे आधी बघा. आणि बोल्ट पुन्हा पुन्हा सैल होत असेल तर स्प्रिंग वॉशर बदलत बसू नका. आडव्या धक्क्यांनी जोड घसरतोय का, रंगाचा थर दबून ताण उतरलाय का, ते तपासा.

‘अजून एक अँगल मारा’

सांगाडा थरथरतोय म्हटल्यावर सातपूरपासून सिन्नरपर्यंत पहिला सल्ला हाच मिळतो : आणखी एक अँगल, म्हणजे एल आकाराची लोखंडी पट्टी, लावून तो ताठ करा. कधी लागू पडतो, कधी घात करतो. प्रत्येक सांगाड्याची स्वतःची एक लय असते, म्हणजे ठोका दिल्यावर तो सेकंदाला किती वेळा थरथरतो ते. तो जितका ताठ तितकी लय जलद, जितका जड तितकी संथ. १४८० आरपीएम म्हणजे सेकंदाला साधारण २४.७ फेरे. सांगाड्याची लय ३० वर असेल तर अँगल मारून ती आणखी वर जाते, फायदा होतो. पण ती २२ वर असेल तर तोच अँगल तिला ढकलून नेमकी २४.७ जवळ आणतो, आणि आधी थरथरणारा सांगाडा आता नाचायला लागतो. यंत्र बंद असताना लाकडी हातोडीने ठोका मारून कंपनाची नोंद घ्या, लय कळते. नोंद घेताना सेकंदाला पुरेसे नमुने घ्या. सेकंदाला ३० नमुने घेणाऱ्या लॉगरवर २४.७ चं कंपन ५.३ चं दिसतं, आणि मग आपण भलत्याच कारणामागे धावतो. मोजायच्या वारंवारितेच्या दुपटीपेक्षा जास्त नमुने हवेतच. मी दहापट घेतो.

तड्यावर पट्टी

ही चूक मला सगळ्यात जास्त बोचते, कारण इथे माणसं दगावू शकतात. क्रेनच्या गर्डरला, कन्व्हेयरच्या स्टँडला, ट्रॉलीच्या चेसिसला वेल्डिंगच्या कडेशी केसासारखा तडा दिसतो. ग्राइंडर फिरवून वरून वेल्ड मारतात आणि त्यावर जाड पट्टी डकवतात. तड्याचं टोक आत तसंच राहतं. पट्टीच्या टोकाशी नवी वेल्ड, नवा कडक कोपरा, ताण तिथे गोळा होतो. काही महिन्यांनी पट्टी शाबूत असते आणि तिच्या शेजारून गर्डर तडकलेला असतो.

१८४२ मध्ये फ्रान्समध्ये व्हर्सायजवळ इंजिनाचा आस तुटून रेल्वेचा भीषण अपघात झाला. एरवी भार पेलणारे आस असे का तुटतात, याचं पद्धतशीर उत्तर जर्मनीत ऑगस्ट व्होलर यांनी १८६० च्या दशकापर्यंत चाललेल्या प्रयोगांतून दिलं : एकदा दिल्यावर काहीच न करणारा भार लाखो वेळा उलटसुलट दिला की धातू थकतो. वेल्ड केलेल्या जोडांत हे फार झपाट्याने होतं. तिथला ताणाचा चढउतार दुप्पट झाला की आयुष्य साधारण आठव्या भागावर येतं. म्हणूनच ‘जास्त ताकदीचं पोलाद वापरू’ हाही उपाय फसवा आहे. वेल्डच्या कडेची थकवा सोसायची ताकद पोलादाचा ग्रेड वाढवून फारशी वाढत नाही.

मग करायचं काय? पहिलं, भार काढा. लाल डाय मारून, पुसून, पांढरा डेव्हलपर फवारा. तडा लाल रेघेसारखा उमटतो आणि तो कुठे संपतो ते दिसतं. डोळ्याला दिसलेल्या टोकाच्या पुढेही तो बहुतेक वेळा सापडतो. तडा पूर्ण खणून काढून मग वेल्ड करा, वेल्डची कडा घासून गुळगुळीत करा. टोकाला भोक पाडून तडा थोपवता येतो, पण ती सवलत काही दिवसांची. आणि मुळात तडा इथेच का आला, हे शोधल्याशिवाय यंत्र चालू करू नका. आमच्या एका स्टँडचा तडा शेवटी वर लावलेल्या, पाते झिजलेल्या पंख्याच्या असंतुलनामुळे होता. तीन वेळा वेल्डरला बोलावलं, एकदाही वर कुणी चढलं नव्हतं.

शेवटच्या वर्षाच्या मुलांना एक सांगतो. संगणकावर सांगाड्याचं मॉडेल करताना आतल्या टोकदार कोपऱ्यात ताण लालभडक दिसतो. मॉडेलचे छोटे तुकडे पाडणारी जाळी बारीक केली की तो आणखी वाढतो, पुन्हा केली की आणखी. तो आकडा अहवालात ‘कमाल ताण’ म्हणून लिहू नका. धार असलेल्या कोपऱ्यात गणित कुठे थांबतच नाही. कोपऱ्याला खरी गोलाई द्या. जाळी बदलूनही आकडा स्थिर राहिला, तरच लिहा.

लूप हंट करतोय? आधी हात काढा

तापमान, दाब किंवा वेग सेटपॉइंटच्या (ठरवलेल्या आकड्याच्या) वरखाली झुलायला लागला की हात आधी पीआयडीच्या, म्हणजे कंट्रोलरने किती जोराने दुरुस्ती करावी ते ठरवणाऱ्या, आकड्यांकडे जातो. त्याआधी कंट्रोलर मॅन्युअलवर टाका, आउटपुट स्थिर धरा. झुलणं थांबलं तर दोष या लूपमध्ये, म्हणजे सेन्सर, कंट्रोलर आणि व्हॉल्व्हच्या साखळीत. थांबलं नाही तर हेलकावे बाहेरून येतायत, आणि पीआयडीचे कितीही आकडे फिरवले तरी ते जाणार नाहीत.

दोष लूपमध्ये असला तरी तो आकड्यांचाच असेल असं नाही. व्हॉल्व्हचा दांडा पॅकिंगमध्ये चिकटत असेल तर आउटपुट करवतीच्या दात्यासारखं तिरकं चढतं, व्हॉल्व्ह अडून बसतो आणि मग एकदम उडी घेतो. पॅकिंग दुरुस्त करा. झीग्लर आणि निकोल्स यांचे १९४२ चे नियम वापरून आकडे काढले असतील तर ते सुरुवातीपुरते धरा. त्या नियमांत प्रत्येक झोका आधीच्या चौथाईवर यावा एवढीच अपेक्षा होती, आपल्या बहुतेक कामांना ते आकडे तिखट पडतात.

पिंपळगाव बसवंतच्या बाजूला द्राक्षांच्या हंगामात प्रीकूलिंगच्या खोलीत एकदा डिस्प्ले ४ अंश दाखवत होता आणि क्रेटच्या मधल्या घडातल्या मण्यात सुई खुपसली तर १०. सेन्सर पंख्याच्या थंड झोतातच बांधलेला. आठवडाभर सेटिंग बदलून पाहिलं होतं, शेवटी काम झालं ते सेन्सर परतीच्या हवेत हलवून आणि एक सुई घडात ठेवून. तरीही आकडे बदलायची वेळ आलीच, तर एका वेळी एकच बदला, आणि जुने आकडे तारखेसकट पॅनेलच्या दाराच्या आतल्या बाजूला लिहून मगच हात लावा.