मंडळीला जागतिक दारिद्र्य शिकवायचं? मग दानपेटी आधी बाजूला ठेवा

जागतिक दारिद्र्याचा विषय चर्चच्या मंडळीत घ्यायचा म्हटलं की ठरलेला कार्यक्रम होतो. पडद्यावर उपाशी मुलांचे फोटो, मागे करुण संगीत, मग दानार्पण. आठवडाभरात सगळे विसरून मोकळे. माझं स्पष्ट मत आहे: फोटो दाखवू नका आणि शिकवणीच्या दिवशी पैसे गोळा करू नका. पाकीट एकदा उघडलं की लोकांना वाटतं आपलं काम झालं, आणि प्रश्न विचारणं तिथेच थांबतं.

पाळकांची संमती, जागा, खुर्च्या हे तुम्ही बघालच. उपासनेनंतर सलग चार रविवार, पाऊण-पाऊण तास, दहा-बारा जणांचे गट. एवढं पुरतं.

पहिल्या रविवारी एकच आकडा घ्या. जागतिक बँकेने जून २०२५ मध्ये अतिदारिद्र्याची रेषा माणशी दिवसाला ३ डॉलरवर नेली. त्याखाली सुमारे ८० कोटी लोक जगतात. हे ३ डॉलर विनिमय दराने मोजलेले नाहीत, हे मात्र नीट समजावा. अमेरिकेत ३ डॉलरला जेवढं मिळतं, साधारण तेवढ्यातच त्या माणसाचं सगळं भागवायचं असतं. त्यामुळे ‘तिकडे स्वस्ताई असते’ हा बचाव गळून पडतो. याच रेषेने मोजलं तर १९९० पासून गरिबांची संख्या निम्म्याहून कमी झाली आहे, हेही सांगा. नाहीतर लोक हताश होऊन घरी जातात.

दुसरा रविवार कारणांचा, आणि गाडी अडते ती इथेच. कोणीतरी म्हणणारच, ‘गरीब नेहमी असणार, प्रभूनेच सांगितलंय.’ झालं, सगळे गप्प. मला यावर बरेच दिवस उत्तर सुचत नव्हतं. वाद घालू नका. बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाचा १५वा अध्याय उघडून मोठ्याने वाचायला लावा, आणि त्याच माणसाला. प्रभू येशूचं वाक्य तिथल्या ११व्या वचनाची आठवण करून देतं, आणि त्या वचनाचा उरलेला भाग हात मोकळा सोडायला सांगतो. अध्यायाची सुरुवात तर दर सातव्या वर्षीच्या कर्जमाफीने होते. आता चर्चा आपोआप कर्जाकडे वळते. तिथून ‘लेवीय’ या पुस्तकाच्या २५व्या अध्यायातलं योबेल (ज्युबिली) वर्ष, म्हणजे गहाण गेलेली जमीन मूळ कुटुंबाला परत मिळण्याचं पन्नासावं वर्ष, आणि त्यावरून नाव घेतलेली ‘ज्युबिली २०००’ ही गरीब देशांच्या कर्जमाफीची मोहीम. मे १९९८ मध्ये इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमला जी-८ या आठ बड्या देशांच्या परिषदेच्या वेळी सुमारे ७० हजार लोकांनी मानवी साखळी केली होती. त्यांत चर्चमधली माणसं खूप होती. पुढच्या वर्षी जर्मनीतल्या कलोनच्या परिषदेत गरीब देशांची कर्जमाफी वाढवण्याचं ठरलं.

दुसरा आक्षेप, ‘ते कष्टच करत नाहीत.’ इथे बायबलमधल्या ‘रूथ’ या पुस्तकाचा दुसरा अध्याय वाचा. सकाळपासून दुसऱ्याच्या शेतात राबणाऱ्या रूथला स्वतःची जमीन नव्हती. शेताच्या कडा आणि पडलेली कणसं गरिबांसाठी सोडायचा नियम (लेवीय १९) नसता, तर तिच्या कष्टांना फळ कुठून आलं असतं, एवढंच विचारा आणि गप्प बसा. उत्तर तुम्ही दिलंत की घोळ झालाच.

यापेक्षा अवघड गोष्ट कोणी बोलून दाखवत नाही. ‘आपण त्यांच्यासाठी काय करायचं’ असं गटात चाललेलं असताना ‘त्यां’पैकी कोणीतरी तिथेच बसलेलं असतं. कर्जात बुडालेलं, मुलांची फी थकलेलं. म्हणून अनुभव सांगण्याचा आग्रह कोणालाही करू नका. एक दिवस उपाशी राहण्याचे किंवा गरीब कुटुंबाचं सोंग करण्याचे खेळ तर अजिबात नकोत. जागतिक बँकेने २०००च्या सुमारास हजारो गरीब माणसांचं म्हणणं नोंदवलं, तेव्हा पैशांइतकाच अपमानाचा आणि कोणी ऐकून न घेण्याचा विषय पुन्हा पुन्हा आला. तोच अपमान चर्चमध्ये नको.

तिसरा रविवार तरुणांकडे द्या. पाणी, शाळा, कर्ज, काहीही एकच विषय त्यांनी मांडावा.

चौथा जमल्यास १७ ऑक्टोबरच्या आसपास ठेवा. १९८७ मध्ये त्या दिवशी पॅरिसला फादर जोसेफ रेझिन्स्की यांच्या हाकेवरून मोठा मेळावा भरला. ते स्वतः गरिबीत वाढले होते. संयुक्त राष्ट्रांनी १९९२ मध्ये हा दिवस दारिद्र्य निर्मूलनासाठी जाहीर केला. मंडळी काय करणार, हे या रविवारी ठरवा.

पैसे जमवायचेच असतील तर त्यानंतरचा वेगळा रविवार ठेवा. मोजायला दोघे तरी हवेत आणि हिशेब फलकावर लावा. यरुशलेमेच्या गरिबांसाठी दान नेताना प्रेषित पौलानेही सोबत माणसं घेतली होती, कोणी बोट ठेवू नये म्हणून (२ करिंथ ८).