मुंडी भाजण्याआधी: त्वचेतली नर्व्ह एंडिंग्ज पाहण्याचं प्रॅक्टिकल

जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या कॉलेजांत एमबीबीएस किंवा प्राणिशास्त्राला नव्यानं आलेल्यांसाठी हे लिहितो आहोत. त्वचेतल्या नर्व्ह एंडिंग्जच्या, म्हणजे चेतातंतूंच्या टोकांच्या, धड्यात बहुतेक जण नावं पाठ करतात आणि स्लाइडसमोर अडकतात. उलट करा. आधी जागा, मग आकार, आणि काम सगळ्यात शेवटी.

बाह्यत्वचेच्या तळाच्या थरात स्पर्श टिपणाऱ्या मर्केल पेशी असतात. साध्या एच अँड ई (हिमॅटॉक्सिलिन-इओसिननं रंगवलेल्या) स्लाइडवर त्या शेजारच्या पेशींतून वेगळ्या काढता येत नाहीत, त्यामुळे तिथे बाण काढून 'मर्केल' लिहू नका. त्यांच्यासाठी सायटोकेरॅटिन 20 या प्रथिनाचं इम्युनोस्टेनिंग (अँटिबॉडी वापरून रंगवणं) लागतं. केस नसलेल्या त्वचेत, म्हणजे बोटांची टोकं, तळहात, तळपाय इथं, अंतस्त्वचेचे जे उंचवटे वर घुसतात त्यांत माइसनर कॉर्पसल (चेतातंतूचं टोक आणि त्याभोवतीच्या पेशींची छोटी गाठ) बसलेलं असतं: लांबी साधारण 100 ते 150 मायक्रॉन, आत आडव्या रचलेल्या चपट्या पेशी. खाली चरबीच्या थरालगत पाचिनीचं कॉर्पसल. ते जवळपास 1 मिमी असतं, नुसत्या डोळ्यांनी दिसतं आणि कापल्यावर चिरलेल्या कांद्यासारखं वाटतं. रुफिनीचं कॉर्पसल ओळखणं अवघड. पहिल्या वर्षाला त्याच्यामागे वेळ घालवू नये.

चुका ठरलेल्या आहेत. तिरका कापला गेलेला रिकामा उंचवटा माइसनर समजला जातो आणि जाड भिंतीची रक्तवाहिनी पाचिनी समजली जाते. वाहिनीच्या मध्ये पोकळी असते, बऱ्याचदा रक्तपेशीही दिसतात; पाचिनीच्या मध्ये पोकळी नसते, तिथे चेतातंतूचं टोक असतं.

तयार स्लाइडवर भागत नसेल तर बकऱ्याचा ओठ आणि जिभेचं टोक घ्या. मटणाच्या दुकानात मुंडी मिळते, पण ती बहुधा भाजून ठेवलेली असते आणि भाजलेल्या त्वचेतलं काहीच कामाचं उरत नाही. म्हणून खाटिकभाऊंना आदल्या दिवशीच सांगून ठेवा: मुंडी भाजण्याआधी ओठ कापून द्या. तुकडे 0.9 टक्के सलाइनच्या डबीत टाका आणि डबी बर्फाच्या थर्मासमध्ये ठेवा. तुकडा थेट बर्फावर ठेवलात तर तो गोठून पेशी फुटू शकतात.

चेतातंतू रंगवण्याची सोन्याच्या क्लोराइडची जुनी पद्धत साध्या लॅबमध्ये जमते. 2-3 मिमीचे तुकडे ताज्या लिंबाच्या गाळलेल्या रसात पाच-दहा मिनिटं, कडा पारदर्शक होईपर्यंत ठेवा. रस फिल्टर पेपरमधून गाळा. बाटलीतला चालत नाही. मग डिस्टिल्ड पाण्यात धुऊन 1 टक्का गोल्ड क्लोराइडमध्ये अर्धा तास अंधारात, आणि नंतर 25 टक्के फॉर्मिक ॲसिडमध्ये रात्रभर, तेही अंधारातच. शेवटी ग्लिसरिनमध्ये तुकडा सुयांनी उलगडून कव्हरस्लिप दाबा. तंतू जांभळे-काळे दिसतात. गोल्ड क्लोराइड महाग आहे, पण चार-पाच मिली पुरतं. त्यात लोखंडी चिमटा बुडाला की सोनं चिमट्यावरच बसतं, म्हणून काचेची कांडी किंवा प्लास्टिकचा चिमटा वापरा. एप्रिल-मेमध्ये एसी नसलेल्या लॅबमध्ये प्रक्रिया भराभर पुढे जाते आणि सगळा तुकडा काळवंडतो. शक्य असेल तर हे काम हिवाळ्यातच उरका. सिल्व्हर नायट्रेटनं तंतू रंगवण्याच्या चांदीच्या पद्धतीत वेगळाच त्रास: बोअरच्या पाण्यातलं क्लोराइड सिल्व्हर नायट्रेटला भेटलं की पांढरा गाळ बसतो.

ओठ-जिभेच्या श्लेष्मल त्वचेत गोल कॅप्सूलवाली टोकं दिसली तर ती क्राउजची. जुन्या गाइडांत 'क्राउज थंडीसाठी, रुफिनी उष्णतेसाठी' असं छापलेलं असतं. व्हायवात ते बोलू नका. रुफिनी त्वचेचा ताण टिपतं. थंड, गरम आणि दुखणं यांची जाणीव मुख्यतः मुक्त (कॅप्सूल नसलेल्या) टोकांमार्फत होते, आणि डोळ्याच्या पारदर्शक पटलात तर फक्त मुक्त टोकंच असतात. माइसनर हलकी थरथर, सुमारे 10 ते 50 हर्ट्झ, ओळखतं; पाचिनी 200 ते 300 हर्ट्झच्या आसपास सगळ्यात तल्लख.

परीक्षक हमखास विचारतात तो रेणू टीआरपीव्ही1, म्हणजे चेतातंतूच्या टोकावरची उष्णतेनं उघडणारी प्रथिनाची वाट, ज्याचा शोध 1997 मध्ये लागला. या संशोधनासाठी डेव्हिड ज्युलियस यांना, आणि स्पर्शाच्या पीझो रेणूंसाठी आर्डेम पॅटापुटियन यांना, 2021 चं नोबेल विभागून मिळालं. टीआरपीव्ही1 सुमारे 43 अंश सेल्सिअसला उघडतो. मग भुसावळचा पारा 45 वर गेला की अंगभर आग का होत नाही? कारण मोजायचं ते त्वचेचं तापमान, हवेचं नाही. घाम वाळत असेपर्यंत त्वचा बरीच थंड राहते. उन्हात तापलेल्या गाडीच्या सीटवर बसलं की मात्र लगेच कळतं. मिरचीतलं कॅप्सेसिन हाच रेणू उघडतं आणि त्याचा उंबरठाही खाली आणतं, म्हणून शेवभाजीचा रस्सा गरम असताना जास्त झोंबतो.

जर्नलमध्ये आकृतीखाली मॅग्निफिकेशन (किती पट मोठं दिसतंय ते), स्टेनचं नाव आणि काप कोणत्या दिशेचा ते लिहा. काप आडवा की उभा हे न लिहिलेल्या माइसनरच्या आकृतीवर पहिला प्रश्न तोच येतो.